गोठ्यातला खड्डेवाला आणि पऱ्हाटीवरचा कचरेवाला

यावलकडच्या एका शेतकरी भाऊंनी दोन फोटो पाठवलेत. पहिल्यात गोठ्याच्या वळचणीखाली कोरड्या फुफाट्यात नरसाळ्यासारखे खड्डे आहेत, कुठला रुपयाच्या नाण्याएवढा तर कुठला चहाच्या कपाच्या तोंडाएवढा, आणि एका खड्ड्यातून उकरून काढलेला मातकट रंगाचा, पोट सुटलेला किडा हातावर घेतलाय. दुसऱ्यात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानाच्या मागे पांढरट कचऱ्याचा एक बारीक ढीग आहे आणि भाऊंचं म्हणणं की हा ढीग चालतो. प्रश्न असा की पहिला हुमणीतला, म्हणजे मुळं खाणाऱ्या पांढऱ्या अळीतला, प्रकार आहे का, दुसरा पिठ्या ढेकूण, म्हणजे पानाचा रस पिणारी पांढरी मेणकट कीड, आहे का, दोघांना मिळून एकच औषध चालेल का, आणि जाता जाता, पोरगा सातवीत आहे, त्याला विज्ञान प्रदर्शनात दोन विचित्र किड्यांची तुलना करायचीय तर हे दोन चालतील का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. चालतील काय, पळतील. कारण भाऊ, तुम्ही नकळत जे दोन किडे निवडलेत ते एकमेकांचे चुलतभाऊ निघाले. औषध कुठलंच नको, एकालाही नको. हुमणी नाही आणि पिठ्या ढेकूणही नाही. दोघं शिकारी आहेत, दोघांचं हत्यार एकच, फक्त एकाने बसून खायचं ठरवलं आणि दुसऱ्याने हिंडून खायचं, आणि त्या एका फरकातून बाकी सगळं शरीर कसं बदलत गेलं ते बघण्यासारखं आहे. मी 20 वर्षांच्या वर कपाशीत कीड सर्वेक्षण करतोय, म्हणजे सरळ सांगायचं तर वावरात वाकून पानं उलटी करून बघायचं काम, त्यामुळे दुसऱ्याशी माझी रोजची गाठ आहे. पहिल्याशी ओळख त्याच्याही आधीची, लहानपणी आखाजीच्या सुट्टीत मामाच्या ओट्याखाली काडी घेऊन तासन्तास बसायचो तेव्हाची.

आधी नावं. खड्डेवाल्याला पुस्तकात मुंगीसिंह म्हणतात, आम्ही पोरं नुसतं उलटा चालणारा किडा म्हणायचो. पानावरच्याला शेतकरी क्रायसोपा म्हणून ओळखतात, इंग्रजीवरून मराठी करायचं तर मावासिंह होईल. मावा म्हणजे पानाचा रस पिणारी बारीक कीड. एक मुंग्यांचा सिंह, एक माव्याचा सिंह. दोघं जालपंखी नावाच्या गटातले, मोठेपणी दोघांच्या पंखांवर शिरांची बारीक जाळी दिसते म्हणून. हा गट डायनासोरच्याही आधीपासून पृथ्वीवर आहे. आपण जे बघतो ते दोघांचं बालपण, म्हणजे अळी अवस्था. शिकार आणि खाणं बहुतेक बालपणीच होतं.

आता एक दुरुस्ती आधीच करून टाकतो कारण कृषी प्रदर्शनातल्या पोस्टरवरही ही चूक बघितलीय. क्रायसोपा म्हणून शेतात सोडायला प्रयोगशाळेतून जी अंडी मिळतात ती क्रायसोपर्लाची, आणि त्याची अळी उघडी असते, पाठीवर काही नेत नाही. पूर्वी तिला सगळे सरसकट क्रायसोपर्ला कार्निया म्हणायचे, 2010 च्या सुमारास कळलं की भारतातली जात ती नाहीच, ही क्रायसोपर्ला झास्ट्रोवी सिलेमी. आणि हे कशावरून कळलं असेल? गाण्यावरून. ते पुढे सांगतो. कचरा पाठीवर घेऊन फिरणारे ते त्याच घराण्यातले मलाडा वगैरे. मुंबईच्या मालाडशी काही संबंध नाही, पण नाव लक्षात ठेवायला बरंय. तुमच्या फोटोतला हा कचरेवाला आहे.

तोंड दाखवायचं तर भिंग लागतं, 10 पटीचं, जळगावात कुठल्याही शालेय साहित्याच्या दुकानात मिळेल. दोघांच्याही डोक्यासमोर दोन वाकडे विळे दिसतात, सांडशीसारखे. वरवर वाटतं की हे चावायचे दात. चावत काही नाहीत. प्रत्येक विळा दोन तुकड्यांचा असतो, वरचा जबडा आणि खालचा जबडा एकमेकांत खाचेत बसलेले, आणि मधून बारीक नळी राहते. म्हणजे दोन इंजेक्शनच्या सुया म्हणा ना. आणि मधलं जे खरं तोंड, ते मिटलेलं. शिकार सुयांत धरायची, आत पाचक रस सोडायचा, आतलं मांस पातळ झालं की त्याच नळीने ओढून घ्यायचं आणि उरलेलं चिपाड फेकून द्यायचं. मुंगीसिंहाच्या बाबतीत 2001 साली जपानी संशोधकांनी एक भारी गोष्ट दाखवली, की त्याच्या लाळेत राहणारे जिवाणू एक प्रथिन बनवतात आणि ते झुरळाला टोचलं तर झुरळ लुळं पडतं. म्हणजे विषाचं काम त्याने बाहेरच्या मजुराला देऊन टाकलंय.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, आणि पोराने प्रदर्शनात हीच सांगितली तर परीक्षक खुर्ची सोडतील. या दोघांनाही अळी असताना शी करता येत नाही. आतडं मध्येच बंद असतं, मागच्या भागाला जोडलेलंच नसतं. जे काही उरतं ते आत साठत जातं आणि मोठा पंखवाला झाल्यावर एकदाच बाहेर टाकतो. बऱ्याच ठिकाणी तुम्हाला वाचायला मिळेल की मुंगीसिंह आपला खड्डा घाण होऊ नये म्हणून असं करतो. ऐकायला छान वाटतं पण मला ते पटत नाही, कारण पानावर हिंडणाऱ्या क्रायसोपाचंही आतडं तसंच बंद आहे आणि त्याला कसला आलाय खड्डा. दोघांच्या पूर्वजाकडूनच हे आलंय. नुसता रस पिणाऱ्याचा घट्ट मळ निघतोच किती, म्हणून जमून गेलं, एवढंच. सोय नंतरची, सवय आधीची.

बरं, मग मागचं दार रिकामंच पडून आहे का? नाही. तिथून रेशीम निघतं. आपल्या मूत्रपिंडासारखं काम करणाऱ्या नळ्या किड्यांना असतात, त्यातल्या काही नळ्या शेवटच्या टप्प्यात मूत्राचं काम सोडून रेशीम बनवायला लागतात, आणि अळी बुडाने कोष विणते. रेशमाची अळी तोंडाने विणते, हे दोघं मागून. मुंगीसिंह वाळूत विणतो म्हणून त्याच्या कोषाला बाहेरून वाळूचे कण चिकटतात आणि शेंगदाण्याच्या लाडवासारखा दिसणारा पण वाटाण्याएवढा गोळा तयार होतो. क्रायसोपाचा पांढराशुभ्र, मोहरीपेक्षा थोडा मोठा गोळा पानाच्या मागे किंवा बोंडाच्या खाली चिकटलेला सापडतो. इथपर्यंत दोघं सारखे.

फरक सुरू होतो तो पायांपासून. मुंगीसिंहाला पुढे चालता येत नाही म्हटलं तरी चालेल. खड्डा करणाऱ्या जाती फक्त मागे सरकतात. मागच्या पायाचे जे सुटे सांधे असायला हवेत ते एकत्र जुळून घट्ट झालेत म्हणजे ढकलायला जोर येतो, आणि अंगावरचे केस पुढच्या दिशेला वळलेले आहेत म्हणजे मागे रेटताना अडत नाहीत पण समोरून एखाद्या मुंगळ्याने ओढलं तर गळासारखे मातीत रुततात. सगळं अंग एकाच कामाला लावलेलं आहे, मातीत मागे घुसा आणि तिथे घट्ट बसा.

हे मी नीट बघितलंय. मागच्या वर्षी मार्चमध्ये गोठ्यातला फुफाटा मैद्याच्या चाळणीने चाळून स्टीलच्या डब्यात घेतला आणि त्यात एक मुंगीसिंह सोडला. संध्याकाळपर्यंत काही नाही, मला वाटलं मेला बहुतेक. रात्री दहाच्या पुढे मोबाईलचा उजेड तिरपा धरून बघितलं तर गोल गोल मागे फिरतोय, पोटाने नांगरतोय आणि डोक्यावर आलेली माती झटका देऊन बाहेर उडवतोय, डोकं म्हणजे अगदी खोरं. आधी मोठं वर्तुळ, मग त्याच्या आत लहान, मग अजून लहान, असं करत करत मध्ये आला. जाड कण लांब उडायचे, बारीक आतच राहायचे, त्यामुळे खड्ड्याच्या भिंतीला शेवटी पिठासारखी बारीक माती उरली. यात डोकं आहे बघा. कोरडी वाळू साधारण 30 ते 35 अंशांपर्यंत उतार धरते, त्याच्यापुढे घसरते. हा बरोबर त्या काठावर भिंत ठेवतो. मक्याचा ढीग खळ्यात कसा एका उतारावर थांबतो आणि वरून अजून एक टोपलं टाकलं की घसरतो, तसंच. मुंगीचा पाय म्हणजे ते शेवटचं टोपलं.

सकाळी एक बारीक काळी मुंगी सोडली. ती काठावरून घसरली, वर चढायला लागली, जवळजवळ बाहेर आली होती आणि तेवढ्यात खालून मातीची पिचकारी. एक, दोन, तीन. लोकांना वाटतं तो नेम धरून मुंगीला मारतो, पण मला तरी दिसलं ते असं की मुंगीला लागो न लागो, पायाखालची भिंत ढासळते आणि मुंगी मातीसकट खाली येते. मग फक्त दोन विळे मिटताना दिसले आणि मुंगी अर्धी मातीत ओढली गेली. पाऊण तासाने चिपाड खड्ड्याच्या बाहेर उडवलेलं, हलकं, फुंकर मारली तर उडेल असं. मुंगी पडली हे त्याला कळतं कसं तर डोळ्याने फारसं नाही, मातीतून येणाऱ्या कंपनाने. म्हणून आपण लहानपणी काडीने काठ हलवायचो तर तो वर यायचा, त्याला वाटायचं जेवण आलं.

बसून खाण्याची किंमत काय, तर जेवणाची खात्री नाही. आज मुंगी पडली, मग 15 दिवस काहीच नाही. म्हणून त्याने खर्चच कमी ठेवलाय. हालचाल नाही, शरीराची चूल मंद, महिनोन्महिने उपाशी राहू शकतो. त्यामुळे वाढही हळू. खाणं कसं मिळतं त्यावर अळी अवस्था 1 ते 3 वर्षं चालते. तुमच्या गोठ्यातला एखादा दोन पोळे बघून झालेला असू शकतो. जळगावच्या मे महिन्यात 44-45 पारा गेला की वरची धूळ तव्यासारखी तापते, तेव्हा तो खाली सरकतो किंवा सावलीकडच्या बाजूला खड्डा हलवतो. आणि वळचणच का तर पाऊस. भिजलेल्या मातीत घसरगुंडी होत नाही. आपली काळी कसदार जमीन त्याच्या काहीच कामाची नाही, ती एक तर चिकटते नाही तर भेगाळते. त्याला लागतो गोठा, देवळाचा ओटा, जुन्या घराच्या भिंतीचा पाया, गिरणा नाही तर पांझरेच्या काठची कोरडी रेती. एक मात्र सांगायला पाहिजे, जगात मुंगीसिंहाच्या सुमारे 2000 जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक खड्डा करतच नाहीत, नुसत्या वाळूत किंवा पालापाचोळ्यात लपून बसतात. खड्डेवाले थोडे, पण दिसतात तेच म्हणून नाव त्यांचंच झालं.

आता दुसरा. क्रायसोपाच्या अळीला बसायला वेळ नाही. अंड्यातून 3-4 दिवसांत बाहेर, मग 8-10 दिवस नुसतं खाणं, मग कोष, साधारण 3 ते 4 आठवड्यांत अंड्यापासून पंखापर्यंत. मुंगीसिंहाचं एक बालपण संपेपर्यंत याच्या कितीतरी पिढ्या होऊन जातात. ही अळी पानावर डोकं डावीकडे उजवीकडे हलवत चालते, अंधारात माणूस भिंत चाचपत जातो तशी. कारण तिलाही दुरून दिसत नाही, मावा तोंडाला लागला की कळतो. म्हणजे बघा, दोघंही जवळपास आंधळे शिकारी. एकाने उपाय काढला की भक्ष्यानेच आपल्याकडे घसरत यावं, दुसऱ्याने उपाय काढला की आपणच इतकं चालावं की कुठेतरी धडक होईल. त्यामुळे हिचे पाय लांब आणि चपळ, अंग निमुळतं, आणि पोटाचं टोक पानाला चिकटतं, सातव्या पायासारखं. गुळगुळीत पानाच्या खालून उलटी चालताना माव्याने हिसका दिला तरी पडत नाही ती त्यामुळे. काही शे मावा एक अळी खाऊन टाकते, शिवाय पांढऱ्या माशीची पिल्लं, तुडतुड्यांची पिल्लं, फुलकिडे, बोंडअळ्यांची अंडी, जे मऊ आणि हळू ते सगळं.

आणि एकमेकांनाही. हे मी स्वतः शिकलोय. सुरुवातीच्या काळात एका वावरातून सहा अळ्या एका छोट्या बाटलीत टाकून मोठ्या उत्साहाने दाखवायला नेल्या, दोन तासांचा एसटी प्रवास, पोचलो तेव्हा बाटलीत एक अळी होती, टम्म फुगलेली, आणि पाच चिपाडं. म्हणून प्रयोगशाळेत यांना तांदळातल्या पतंगाची, कॉर्सायराची, अंडी खायला घालून वाढवतात तेव्हा प्रत्येकीला वेगळी खोली द्यावी लागते.

भावंडं खाणारी असतील तर आईला अंडी घालताना काळजी घ्यावी लागणारच. ती पोटाचं टोक पानाला टेकवते, चिकट थेंब सोडते, पोट वर उचलते, तो थेंब ताणला जाऊन केसासारखा दोरा होतो आणि हवेत कडक होतो, आणि त्याच्या टोकावर एक अंडं. पानावर पांढऱ्या केसांवर मोती ठेवल्यासारखं दिसतं. मुंग्यांना वर चढता येत नाही आणि आधी निघालेलं पिल्लू शेजारच्या अंड्यापर्यंत सहज पोचत नाही. मुंगीसिंहाची आई असलं काही करत नाही, एकेक अंडं धुळीत सोडते, त्याला धूळ चिकटते, झालं. ज्या पिल्लाला शेजाऱ्याशी भेटायचंच नाही त्याच्यासाठी दोरा कशाला.

या केसांबद्दल माझी एक जुनी चूक आहे. नोकरीचं पहिलंच वर्ष, एका काकांच्या कपाशीत पानोपान हे पांढरे केस, आणि मी पुस्तकात फक्त अळीचं चित्र बघितलेलं. बुरशी असेल नाही तर कुठल्यातरी किडीची अंडी असतील म्हणून मीच फवारा सांगितला. काकांनी बिचाऱ्यांनी ऐकलं. पंधरा दिवसांत तिथे मावा असा माजला की पानं चिकटून चकचकीत झाली, खाली काळी बुरशी. काका काही बोलले नाहीत, चहा पाजला, पण त्यानंतर मी काहीही सांगण्याआधी ते आपल्या पोराला हळूच विचारायचे, हा नवीन साहेब नक्की शिकलेला आहे ना.

आता तुमचा चालणारा कचरा. निंदणीला आलेल्या एका आजीबाईंनी मला पहिल्यांदा दाखवला होता, पान माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "हाऊ कचरा चालस ना भो!" मलाडाच्या अळीच्या पाठीवर वाकडे आकड्यांसारखे केस असतात, त्यात ती खाऊन झालेल्या पांढऱ्या माशीची टरफलं, पिठ्या ढेकणाचं मेण, कापसाचे तंतू, जे मिळेल ते अडकवते. मी एकदा ओल्या बारीक ब्रशने एका अळीचा सगळा कचरा काढून टाकला आणि तिच्यासमोर सरकीवरचे चार तंतू टाकले. तिने लगेच विळ्यात एक तंतू धरला, डोकं मागे असं काही वळवलं की मान मोडेल, आणि तंतू पाठीवर दाबून बसवला. मग दुसरा. मार्केट यार्डातला हमाल स्वतःच्याच पाठीवर स्वतः पोतं चढवतोय असं. थोड्याच वेळात पुन्हा ढीग तयार.

कशासाठी? माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या माव्याची राखण करतात हे तुम्ही बघितलंच असेल, गाय राखावी तशी. उघडी अळी आली तर मुंग्या उचलून फेकून देतात. 1978 साली अमेरिकेत थॉमस आयस्नर आणि सहकाऱ्यांनी लोकरीसारखं मेण असलेल्या माव्यावर जगणारी अशी एक अळी घेतली, ती त्याच माव्याचं मेण ओरबाडून स्वतःच्या अंगावर थापते. त्यांनी ते मेण काढून टाकलं तर मुंग्यांनी तिला ओळखून बाहेर काढलं, आणि मेण असताना मुंग्या शेजारून निघून जायच्या. शिवाय कचरा म्हणजे ढालही आहे, दुसऱ्या शिकाऱ्याचे विळे आधी टरफलांत घुसतात. आणि ही युक्ती आजकालची नाही, स्पेनमध्ये सुमारे 11 कोटी वर्षांपूर्वीच्या राळेत अडकलेली अशी अळी सापडलीय, पाठीवर नेचे जातीच्या वनस्पतीचे केस लादलेली, 2012 साली ते प्रसिद्ध झालं. आपल्या खळ्याचा कचरा तेव्हा नव्हता, ज्याचा होता त्याचा घेतला.

तर ज्याला घर आहे तो उघडा राहतो आणि ज्याला घर नाही तो घर पाठीवर घेतो, असं म्हणता येईल का? पूर्ण नाही. कारण उघडी क्रायसोपर्ला पण बिनघराचीच आहे आणि बिनकचऱ्याचीच आहे, ती नुसत्या पळण्यावर आणि चावऱ्या स्वभावावर निभावते. कचरेवाली तिच्यापेक्षा हळू चालते, ओझं आहे ना. पोराला सांगा की तुलनेत असे अडणारे मुद्दे लपवू नको, परीक्षक तिथेच प्रश्न विचारतात.

पंख फुटल्यावर दोघांत अजून गंमत आहे. मुंगीसिंह मोठा झाला की चतुर नाही तर टाचणी नावाच्या चतुराच्या बारीक भावासारखा दिसतो, उन्हाळ्याच्या रात्री ओट्यावरच्या बल्बभोवती जो मरगळल्यासारखा उडतो आणि सगळे त्याला चतुर म्हणतात, तो बऱ्याचदा हा असतो. मिशा बघा. चतुराच्या मिशा दिसतही नाहीत इतक्या बारीक, याच्या ठळक आणि टोकाला जाड. क्रायसोपाचा मोठा किडा पोपटी, नाजूक, सोनेरी डोळ्यांचा, आणि क्रायसोपर्लाचा असेल तर तो शिकार सोडून देतो, मध, पराग आणि माव्याचाच गोड चिकटा खातो. त्याच्या पुढच्या पंखाच्या शिरेत कान असतो. वटवाघळाचा आवाज ऐकू आला की पंख मिटून दगडासारखा खाली पडतो. आणि ते गाणं. नर-मादी पानावर बसून पोट थरथरवतात, आवाज आपल्याला येत नाही, थरथर देठातून जाते आणि दुसऱ्याला पायाने कळते. दिसायला हुबेहूब असलेल्या जाती या थरथरीच्या तालावरून वेगळ्या ओळखल्या, आपली सिलेमी त्यातलीच. मुंगीसिंह मातीच्या कंपनावर जेवतो आणि हा चुलतभाऊ पानाच्या कंपनावर लग्न जमवतो.

आता वावराचं. पांढरं काही दिसलं की पिठ्या ढेकूण म्हणून पंप पाठीला लावायची सवय 2007-08 च्या आसपास पिठ्या ढेकणाने कपाशीत घाबरवलं तेव्हापासून लागली, मी समजू शकतो. पण आधी काडीने डिवचून बघा. पिठ्या ढेकूण घोळक्याने असतो आणि जागचा फारसा हलत नाही. पांढरे लांब मेणाचे झुबके दोन्ही बाजूंना सारखे असतील आणि भराभर चालत असेल तर ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी, तीही मित्रच, पिठ्या ढेकूणच खाते. आणि ढीग वेडावाकडा, एकटा, पुढे दोन विळे डोकावतायत, तर आपला मलाडा. हुमणीचंही तसंच, हुमणी पांढरी, जाड, इंग्रजी सी सारखी वाकलेली, मुळाशी ओलाव्यात सापडते, कोरड्या फुफाट्यात नरसाळं करून बसत नाही.

कपाशीच्या पहिल्या दोन महिन्यांत जमेल तेवढं जहाल, सगळं मारणारं औषध टाळा. त्यातला मावा पुन्हा आठवड्यात भरून येतो, क्रायसोपाला 3-4 आठवडे लागतात, या शर्यतीत आपण स्वतः आपल्याच बैलाचा पाय बांधतो. बांधाला चवळीच्या दोन ओळी टाका. चवळीवर मावा येतो, त्यामागे हे येतात, आणि तिथून कपाशीत. काका मंडळी म्हणतील मावा मुद्दाम बोलवायचा का, हो, बांधावर बोलवायचा. मुंगीसिंहाचा मात्र शेतीला काही उपयोग आहे असं मी उगाच सांगणार नाही, गोठ्यातल्या मुंग्या खातो, बस. झाडताना तेवढा कोपरा सोडला तरी पुष्कळ.

पोरासाठी, दोन डबे वेगळे ठेवायचे. एकात चाळलेला कोरडा फुफाटा चार बोटं भरून, एक मुंगीसिंह, दोनतीन दिवसांनी एक बारीक मुंगी, मुंगळा नको, तो निसटून जातो. दुसऱ्यात मावा लागलेलं चवळीचं पान आणि एकच अळी, एकच, माझी बाटली आठवा. पान रोज बदलायचं. कचरेवालीला ब्रशने उघडी करून प्रदर्शनाच्या टेबलावर कापूस द्या, गर्दी तिथेच होईल. प्रदर्शन झालं की अळी पुन्हा पऱ्हाटीवर. मुंगीसिंह ठेवायचा असेल तर ठेवू द्या, पण धीर धरायला लागेल. माझ्या डब्यातला मे महिन्यात गोळा करून बसला, मी विसरूनही गेलो होतो, एका रात्री डब्याच्या जाळीवर ओले पंख वाळवत बसलेला सापडला आणि खाली फुफाट्यात एक गुळगुळीत कडक गोळी पडली होती, गव्हाच्या दाण्याहून लहान. जन्मापासून त्याने खाल्लेल्या सगळ्या मुंग्यांचा मळ तेवढाच. ती गोळी अजून माझ्याकडे काडेपेटीत आहे, पोराला प्रदर्शनाला हवी असेल तर घेऊन जा.